तिसरी गदा

धुळ्याहून चाळीसगावला जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये खिडकीजवळची जागा धरा आणि पंचवीसेक वर्षं मागे जाऊन उतरा. चाळीसगाव तालुक्यातल्या एखाद्या गावात जत्रा भरलीय. उकरून भुसभुशीत केलेल्या वावरात रिंगण आखलंय, हलगी कडाडतेय. आधी रेवड्यांवरच्या कुस्त्या. पोरं पडतात, नाकातोंडातली माती झटकून पुन्हा भिडतात. तुमच्या डोळ्यांतही धूळ जाते, पण शेजारचा बाबा हलायला तयार नाही. शेवटची मोठी जोड लागल्याशिवाय इथून कुणी उठत नसतं.

याच तालुक्यातल्या सायगाव बगळीचा एक पोरगा पुढे पुण्याच्या तालमीत जाणार आहे. पहाटेच्या जोर-बैठका, दूध, तूप, बदामाची थंडाई. खुराकाच्या खर्चाचा हिशेब ज्या घरानं केलाय, त्यालाच तो विचारा.

आता 2014 मध्ये या. अहमदनगरला तोच पोरगा, विजय चौधरी, महाराष्ट्र केसरीची गदा जिंकतो. पुढची गदा नागपुरात. मग डिसेंबर 2016, पुण्यातलं वारजे. समोर अभिजित कटके, तोही पुण्याचाच. म्हणजे आरडाओरडा कुणासाठी चाललाय ते सांगायला नको. महाराष्ट्र केसरी गटात 86 ते 125 किलो वजनाचे मल्ल. माती आणि गादी, दोन्हीकडचे विजेते इथे समोरासमोर येतात. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये तीस सेकंद. टीव्हीवर त्या चुटकीसरशी संपतात. मैदानात बसलं की तुमचाच घसा कोरडा पडतो. मानेवर पंजा पडल्याचा फट् आवाज मागच्या रांगेपर्यंत येतो. कुस्ती सुटते आणि गदा तिसऱ्यांदा खानदेशात येते. लागोपाठ तीन गदांचा मान याआधी नरसिंग यादवनं मिळवला होता. हरलेला कटकेही थांबला नाही. पुढच्याच वर्षी भूगावला केसरी झाला.

याच वेळी अमेरिकेत तिथल्या फुटबॉलचे लाइनबॅकरही अंगाचीच कमाई खातायत. चेंडू घेऊन कुणी घुसला की त्याला आडवा पाडायचं, हे त्यांचं काम. फरक एवढाच, की ते कॉलेजातून निवड होऊन संघात जातात आणि करारावर पैसे घेतात. त्यांच्या खेळाडू संघटनेच्या हिशेबानं सरासरी कारकीर्द जेमतेम सव्वातीन वर्षांची. आपल्या मल्लाला करार नाही. त्याला गदा मिळते, फेटा मिळतो, जिल्ह्यात सत्कार होतात. सत्कारानं खुराक चालत नाही.

विजय चौधरीला मात्र पोलीस उपअधीक्षकपद मिळालं, आणि हे सरकारनं बरं केलं. 2023 मध्ये कॅनडातल्या विनिपेगला जाऊन पाहा. जागतिक पोलीस आणि अग्निशमन दल क्रीडा स्पर्धेत हा अधिकारी 125 किलो गटात उतरतो आणि सुवर्णपदक जिंकतो. पस्तिशीच्या आसपासचं शरीर, तरीही तीच मान, तेच खांदे. नोकरीनं त्याची कुस्ती मोडली नाही, उलट तगवली.

म्हणून परतीच्या पॅसेंजरमध्ये चाळीसगाव, अमळनेर, शिरपूरकडच्या तालमींतला एखादा पोरगा भेटला, तर सत्काराचा नारळ देऊ नका. त्याच्या खुराकाचा महिना उचला.