दूरच्या दिव्यांचें अंतर

खंडाळ्याच्या घाटांत धुक्याआडचा दिवा मंद दिसला, तर तो दूर आहे म्हणून कीं मध्यें धुकें आहे म्हणून, हें सांगणें कठीण. आकाशांतील धूळ तर प्रकाशाला मंद करून वर तांबडाहि करते. अतिप्राचीन दीर्घिकांच्या शोधांत नेमकी हीच पंचाईत झाली.

जेम्स वेब दुर्बिणीच्या छायाचित्रांत २०२२ सालीं सीअर्स-९३३१६ ही दीर्घिका आढळली. निळसर गाळण्यांतून ती अदृश्य, तांबड्यांतून दृश्य. विश्वाच्या प्रसरणानें प्रकाशलहरी किती ताणल्या गेल्या याचें माप म्हणजे ताम्रसृति. ती या रंगांवरून सुमारें १६.४ धरली गेली. म्हणजे विश्व अवघें २५ कोटी वर्षांचें असतांनाचा हा प्रकाश! तें खरें ठरतें, तर दीर्घिकांच्या जन्माचे प्रचलित हिशेबच फिरवावे लागते. २०२३ सालीं वर्णपट हातीं आला. त्यांतील रेषांनीं ४.९ सांगितलें. धूळ आणि प्रखर वायुरेषा यांनीं मिळून तें सोंग वठविलें होतें. त्याच पाहणींतील ‘मेझी’ मात्र ११.४ वर कसोटीस उतरली.

पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रांतील राशी जैन व योगेश वाडदेकर यांनीं २०२५ सालीं ‘अलकनंदा’ ही सर्पिल दीर्घिका प्रसिद्ध केली. तिची सुमारें ४ ही ताम्रसृतिहि रंगांवरूनच काढलेली. परंतु २१ गाळण्यांतून, म्हणून आम्हांस ती अधिक भरंवशाची वाटते. वर्णपट घेऊन तिच्या चकतीचें भ्रमण तपासण्याचा मनोदय त्यांनीं बोलून दाखविला. अंतराचाहि निवाडा त्यांतच होईल.