बाजारात तुरी

सरकारी नोकरीत आयुष्य घालविलेल्या आमच्या वाचकांस एक अनुभव खचित ओळखीचा वाटेल. नव्या गावी बंगला मिळतो, खिडक्यांची मापे घेऊन पडदे शिवविले जातात, परसात चार रोपे लावली जातात, आणि महिना लोटतो न लोटतो तोच बदलीचा हुकूम येऊन थडकतो. पडदे कालच्यासारखेच असतात. ते विटलेले नसतात, उसवलेलेही नसतात. तरीही त्यांच्याकडे पाहताना 'उगाच केला हा खर्च' असे वाटू लागते. वस्तूत तिळमात्र फरक न पडता केवळ एका बातमीने ती मनातून उतरावी, हा मनुष्यस्वभावाचा एक चमत्कारिक भाग आहे. गेल्या काही दशकांत या रुखरुखीस संगणकाच्या बाजारात एक नवेच क्षेत्र लाभले असून, तिचा इतिहासही आता लिहिण्याजोगा झाला आहे.

या इतिहासाकडे आमचे लक्ष वेधले ते दिल्लीतील एका स्नेह्यांच्या घरी. त्यांचे चिरंजीव वास्तुकलेचे विद्यार्थी. इमारतींची चित्रे संगणकावर तयार करण्यासाठी त्यांनी शिष्यवृत्तीतून पै पै साठवून २०२० च्या ऑगस्टात नेहरू प्लेसच्या बाजारातून एक ग्राफिक्स कार्ड आणले. संगणकाच्या पडद्यावरील लक्षावधी बिंदूंचा रंग दर सेकंदास अनेक वेळा नव्याने ठरवावा लागतो. ते अवाढव्य गणित एकहाती उरकणारे उपकरण म्हणजे हे कार्ड. ते घरी येऊन पंधरा दिवसही झाले नव्हते, तोच १ सप्टेंबर रोजी एनव्हिडिया कंपनीने नव्या कार्डांची घोषणा केली. स्नेही हळहळले, मुलावर रागावले आणि 'आहे ते मिळेल त्या भावाने विकून टाक' असा त्यांनी लकडा लावला. मुलाने काय केले ते पुढे सांगू. आधी ही हळहळ मुळात कोठून आली ते पाहू.

तिचे मूळ १९६५ सालापर्यंत जाते. त्या वर्षी गॉर्डन मूर यांनी एका लेखात असे भाकीत केले, की सिलिकॉनच्या एका तुकड्यावर मावणाऱ्या घटकांची संख्या वर्षागणिक दुप्पट होत जाईल. १९७५ साली त्यांनी ही मुदत दोन वर्षांची केली. पुढे कित्येक दशके कारखानदारांनी हे भाकीत एखाद्या प्रतिज्ञेप्रमाणे पाळले. वास्तविक तांब्या-पितळेचे भांडे घेणाऱ्यास पुढील वर्षी अधिक चांगले तांबे निघेल ही धास्ती कधी नव्हती. संगणक घेणाऱ्यास मात्र ती पहिल्या दिवसापासून आहे.

या धास्तीचा पहिला प्रसिद्ध बळी ग्राहक नव्हे, तर एक विक्रेता होता, आणि त्याचा आपल्या देशाशी निकटचा संबंध होता. अॅडम ओस्बोर्न यांचे बालपण तामिळनाडूत गेले. त्यांचे वडील आर्थर हे रमण महर्षींचे भक्त आणि चरित्रकार होते. अॅडम यांनी १९८१ साली अमेरिकेत 'ओस्बोर्न १' हा उचलून नेता येण्याजोगा संगणक १७९५ डॉलरांस बाजारात आणला. वजन सुमारे अकरा किलो असूनही तो झपाट्याने खपला. मात्र १९८३ साली त्यापुढील यंत्राची वार्ता आधीच बाहेर फुटली. ग्राहकांनी विचार केला, की चांगले येणार असता जुने कशाला घ्या? जुन्याचा खप थांबला, नवे वेळेवर हाती आले नाही, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात कंपनीचे दिवाळे निघाले. स्वस्त विकणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांनीही तिला जेरीस आणले होते, असे म्हणणारे आहेत, आणि त्यात तथ्य आहे. तथापि अवेळी केलेल्या घोषणेस व्यापारी जगात 'ओस्बोर्न परिणाम' हेच नाव पडले. अॅडम पुढे भारतात परतले आणि २००३ साली कोडाइकनाल येथे निवर्तले. त्यांच्या अनुभवातून व्यापाऱ्यांनी धडा घेतला तो असा, की नव्याचे गुपित शेवटच्या क्षणापर्यंत राखावे आणि मग ते वाजतगाजत फोडावे. ओस्बोर्न यांच्या काळी ग्राहक हात आखडून वाट पाहत राहिला व विक्रेता बुडाला; आता विक्रेता सावध झाला आणि रुखरुख ग्राहकाच्या पदरी आली.

ग्राफिक्स कार्डांच्या बाजारात ही रुखरुख ऐन भरात आली ती १९९६ नंतर. त्या वर्षी थ्रीडीएफएक्स या कंपनीचे 'व्हूडू' कार्ड निघाले आणि घरगुती संगणकावर त्रिमितीय चित्रे सुरेख हलू लागली. लवकरच एनव्हिडियाने सुमारे दर सहा महिन्यांनी नवे काही आणण्याचा सपाटा लावला. १९९९ च्या अखेरीस ज्याने मोठ्या हौसेने 'जीफोर्स २५६' घेतले, त्याच्यासमोर २००० च्या वसंतात 'जीफोर्स २' उभे राहिले. या शर्यतीत थ्रीडीएफएक्सची दमछाक झाली. तिचे 'व्हूडू ५' २००० च्या मध्यास बाजारात आले, आणि डिसेंबरात कंपनीने आपली मालमत्ता एनव्हिडियास विकण्याचे जाहीर केले. संगणकास कार्डाची भाषा समजावून देणारी ड्रायव्हर नावाची आज्ञावली वेळोवेळी सुधारावी लागते. ते काम थांबले. काही चाहत्यांनी ते पुढे हौसेने चालविले, एवढाच काय तो दिलासा.

येथे आम्ही एक भेद करू इच्छितो, कारण आमच्या मते सारे मर्म त्यातच आहे. 'व्हूडू ५' घेणाऱ्याचा पश्चात्ताप रास्त होता. त्याची वस्तूच पोरकी झाली होती. ती उद्याच्या कामास पुरी पडण्याची शाश्वती उरली नव्हती. 'जीफोर्स २५६' घेणाऱ्याची हळहळ मात्र निराळ्या जातीची. त्याची वस्तू कालच्याइतकेच काम करीत होती. केवळ शेजाऱ्याच्या घरी अधिक चांगली आली होती. पहिल्या दुःखाचे कारण वस्तूत आहे, दुसऱ्याचे बातमीत. आणि बातमीच्या दुःखावर जो घाईने औषध घेतो त्याची काय गत होते, ते २०२० सालाने दाखवून दिले.

'आरटीएक्स २०८० टीआय' हे कार्ड २०१८ च्या सप्टेंबरात बाजारात आले तेव्हा एनव्हिडियाची स्वतःची आवृत्ती ११९९ डॉलरांस होती. दोन वर्षांनी, १ सप्टेंबर २०२० रोजी कंपनीचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी आपल्या स्वयंपाकघरात उभे राहून सांगितले, की येऊ घातलेले '३०७०' हे कार्ड त्याहून वेगवान असून ४९९ डॉलरांस मिळेल. दावा पोकळ नव्हता. जुन्या कार्डाच्या ७५४ चौरस मिलिमीटर तुकड्यावर १८६० कोटी ट्रान्झिस्टर होते. नव्या मालिकेतील मोठ्या कार्डाच्या ६२८ चौरस मिलिमीटरांवर २८३० कोटी मावले होते. परंतु बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, अशी अनेकांची अवस्था झाली. नवे कार्ड कोणी डोळ्यांनी पाहिले नव्हते, तोच जुन्याच्या मालकांनी ते पाचशे डॉलरांच्या आसपास फुंकून टाकण्यास आरंभ केला.

नंतर १७ सप्टेंबर उजाडला. '३०८०' विक्रीस आले आणि काही मिनिटांत संपले. स्वयंचलित आज्ञावल्यांनी माल उचलणारे साठेबाज पुढे सरसावले, महामारीमुळे घरी बसलेल्यांची मागणी वाढली, आणि इथेरियम या आभासी चलनाच्या खनिकांनी उरलीसुरली कार्डे पळविली. पुढील वर्षी त्याच जुन्या '२०८० टीआय'चा भाव पुन्हा मूळ किमतीच्या घरात गेला. ज्यांनी ते घाबरून विकले त्यांच्या हाती जुनेही राहिले नाही आणि नवेही लागले नाही. ज्यांनी वैतागून दुप्पट भावाने नवे घेतले, त्यांचीही पाळी पुढे आली. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने खाणकामाची पद्धतच सोडली, आणि खनिकांची वापरलेली कार्डे ढिगांनी बाजारात आली.

घोषणेचा भरवसा किती धरावा, याचे उदाहरणही त्याच महिन्याने दिले. २० सप्टेंबरला जाहीर झालेले '४०८०'चे बारा गिगाबाइट स्मृतीचे कार्ड १४ ऑक्टोबरला, विक्री सुरू होण्यापूर्वीच, कंपनीने मागे घेतले; पुढे जानेवारीत ते दुसऱ्या नावाने व कमी किमतीस आले. ज्याने त्या चोवीस दिवसांत त्या नावाशी तुलना करून आपले कार्ड कमी लेखले असेल, त्याने जन्मासच न आलेल्या वस्तूपायी खंत केली, असेच म्हटले पाहिजे.

ही खंत व्यापाऱ्यांसही ठाऊक असते. ईव्हीजीए या कंपनीने खरेदीपासून नव्वद दिवसांच्या आत फरकाची रक्कम भरून वरचे कार्ड घेण्याची सोय ठेवली होती. ग्राहकास सल्ला देण्यापेक्षा मुदत देणे अधिक माणुसकीचे, असे आम्हांस वाटते. पण ती कंपनीही २०२२ साली या धंद्यातून बाहेर पडली.

आता आमच्या स्नेह्यांच्या चिरंजिवांकडे वळू. त्यांनी कार्ड विकले नाही. "बाबा, माझं काम डिसेंबरात द्यायचं आहे, नवं कार्ड तोवर मिळेलच असं कुणी सांगितलं?" एवढेच ते म्हणाले. हिवाळ्यात नेहरू प्लेसच्या दुकानांतून नव्या कार्डासाठी विचारणारे रिकाम्या हातांनी परतत होते, तेव्हा या घरातील जुने कार्ड रात्ररात्र चित्रे रेखाटीत होते. काम वेळेवर दिले गेले, परीक्षा पार पडली. स्नेह्यांनी आपला लकडा चुकीचा होता असे शब्दांनी कबूल केले नाही. पण त्यानंतर नव्या कार्डाच्या बातम्या वाचून दाखविणे त्यांनी सोडले.

हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, हे आपल्या वाडवडिलांनी सांगून ठेवले आहे. या इतिहासाने त्यास एवढीच पुस्ती जोडली, की पळते ते पुष्कळदा अजून बाजारातही आलेले नसते. खरेदी करावी ती काम दाराशी आले म्हणजे, आणि तिची पारख करावी ती त्याच कामावरून. बदलीचा हुकूम येणारच. पण म्हणून आपल्यापैकी कोणी उघड्या खिडक्यांनी वर्ष काढल्याचे आमच्या ऐकिवात नाही.