क्राकाटोआ : पूर्वेचा आणि पश्चिमेचा

'क्राकाटोआ, ईस्ट ऑफ जावा' या १९६८ सालच्या सिनेरामा-पटाची एक चूक तो न पाहिलेल्यांनाही ठाऊक असते. क्राकाटोआ जावाच्या पूर्वेस नाही, पश्चिमेस आहे. जावा व सुमात्रा यांमधील सुंदा सामुद्रधुनीत. बाकी मतांचे दोन तट आहेत. बुडालेल्या जहाजातील मोत्यांचा शोध एकांना रटाळ वाटतो, तर दुसरे भव्य पडद्यावरच्या अग्निवर्षावाने दिपतात. दृश्यपरिणामांना ऑस्कर नामांकन होतेच. आम्हांस दोन्ही मते पटतात.

आमची तक्रार निराळी आहे. २७ ऑगस्ट १८८३ चा स्फोट सुमारे ४८०० किलोमीटरवरील रॉड्रिग्ज बेटावर तोफांच्या आवाजासारखा ऐकू आला, हे सारे सांगतात. पण बहुतेक माणसे मारली ती समुद्राने. तीस मीटरहून उंच लाटांनी आन्येर, मेराक, तेलुक बेतुंग ही किनाऱ्यावरची गावे धुऊन नेली. डच सरकारी गणती छत्तीस हजारांवर गेली. मृतांत बहुसंख्य स्थानिक कोळी-शेतकरी. चित्रपटाचा जीव मात्र मोती शोधणाऱ्यांच्या जहाजात अडकलेला. किनारा ही केवळ पार्श्वभूमी. नकाशातल्या चुकीला हसणाऱ्या प्रेक्षकांना (आम्हीही हसलोच!) ही दुसरी दिशाभूल सहसा खुपत नाही.

त्याच जागी १९२० च्या दशकात समुद्रातून 'अनाक क्राकाताऊ', म्हणजे क्राकाटोआचे मूल, वर आले. २२ डिसेंबर २०१८ च्या रात्री त्याची एक बाजू समुद्रात कोसळली. त्या लाटेने चारशेहून अधिक माणसे नेली, पुन्हा किनाऱ्यावरचीच.