काळा आजार आणि एक कंदील

रोग ओळखला की तो निम्मा बरा झाला, असे आपण सहज म्हणून जातो. काळ्या आजाराचा इतिहास वाचल्यापासून ते वाक्य माझ्या तोंडून निघत नाही.

बंगाल-आसामात या रोगाने गावेच्या गावे ओस पाडली. हटता न हटणारा ताप, वाढत जाणारी पानथरी, हातापायांच्या झालेल्या काड्या आणि काळवंडलेली कातडी! हिवताप समजून डॉक्टर क्विनीन देत, आणि रोगी हातचा जाई. उपचारावाचून शंभरांतले नव्वदांहून अधिक दगावत.

डमडमच्या छावणीत हा ताप जडलेला एक सोल्जर १९०० साली इंग्लंडात वारला. त्याच्या पानथरीत विल्यम लीशमन यांना चमत्कारिक कण दिसले. १९०३ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. त्याच वर्षी मद्रासला चार्ल्स डोनोव्हन यांनी एका जित्या मुलाच्या पानथरीत सुई घालून तेच कण काढले. ते एकपेशीय जीव होते. रोनाल्ड रॉस यांनी दोघांच्या नावांवरून त्यांचे बारसे केले : लीशमानिया डोनोव्हानी.

शत्रू सापडला, पण शस्त्र कुठे होते? पुढे टार्टर एमेटिकची इंजेक्शने आली. ती महिनोन् महिने घ्यावी लागत आणि रोग्याला औषधच सोसवत नसे.

कलकत्त्याच्या कँपबेल हॉस्पिटलातल्या एका लहानशा खोलीत डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी याच प्रश्नाशी झुंजत होते. खोलीत नळ नाही, गॅस नाही, वीज नाही; रात्री घासलेटच्या कंदिलावर काम चाले. ज्या धातूच्या खनिजाचा सुरमा आपल्या आज्या डोळ्यांत घालीत, त्या अँटिमनीपासूनच त्यांनी १९२०च्या सुमारास ‘यूरिया स्टिबामाइन’ सिद्ध केले. महिन्यांचा उपचार आठवड्यांवर आला; आसामात लाखो जीव वाचले. १९२९ साली नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव सुचवले गेले; पारितोषिक मात्र मिळाले नाही.

आज बोटातल्या रक्ताच्या एका थेंबावर रोगाचा माग लागतो, औषधेही नवी आली आहेत. २०२३ साली बांगलादेशाने हा रोग सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपवल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. तरी ब्रह्मचारींनी १९२२ साली दिलेला इशारा जुना झालेला नाही : बऱ्या झालेल्या माणसाच्या कातडीवर कधीकधी डाग उठतात आणि त्यांत तेच जीव दडलेले असतात. तिथून वाळूमाशी ते दुसऱ्या घरी नेते. म्हणून ताप उतरला तरी डॉक्टरांची नजर त्या घरावर राहावी लागते.