सर्व्हरवरील गहाळ सेवा-लॉग

सर्व्हरवरील सेवा चालू असूनही तिच्या कामाच्या नोंदी (लॉग) न सापडणे. तुमसर तालुक्यातील नाकाडोंगरीसारख्या गावात सेवा केंद्रावर दाखल्याचा अर्ज अडकला, तर पडद्यावर फक्त चक्र फिरत राहते. अडचणीचे कारण दूरच्या सर्व्हरच्या लॉगमध्ये असते.

बरेचदा लॉग हरवलेला नसतोच. सर्व्हर जागतिक वेळेवर चालत असेल, तर सकाळी दहाची नोंद साडेचारला सापडते. म्हणून आधी घड्याळ पाहावे.

लिनक्सवर सेवा सांभाळणाऱ्या सिस्टमडीची ‘जर्नल’ यंत्रणा नोंदी गोळा करते. अनेक सर्व्हरच्या मांडणीत ‘/व्हार/लॉग/जर्नल’ हे फोल्डर नसेल, तर नोंदी ‘/रन’खाली, म्हणजे स्मृतीतच राहतात आणि सर्व्हर पुन्हा सुरू करताच पुसल्या जातात. ‘रीस्टार्ट करून बघा’ हा लाडका सल्ला इथे पुरावाच घालवतो. सेवेने ठरलेल्या मर्यादेहून (मूळ मूल्य ३० सेकंदांत १०,०००) अधिक संदेश ओतले, तर जादाचे गाळले जातात. मात्र किती गाळले याची एक ओळ उरते.

फसवा प्रकार जुन्या लॉग-फाइली बाजूला काढणाऱ्या लॉगरोटेटचा. जुन्या फाइलचे नाव बदलते, सेवेला ते कळवले जात नाही आणि ती जुन्याच फाइलीत लिहीत राहते, नवी रिकामी. भरलेली डिस्क व चुकीच्या परवानग्या ही उरलेली नेहमीची कारणे.

सायबर सुरक्षा पाहणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांनी लॉग १८० दिवस जपणे बंधनकारक आहे.