गृहप्रसूती, चंद्रपूर–गडचिरोली प्रदेशातील

गृहप्रसूती : सुईणीच्या साहाय्याने घरीच होणारे बाळंतपण. चंद्रपूर व त्यातून १९८२ मध्ये वेगळा झालेला गडचिरोली या जिल्ह्यांच्या वनप्रदेशात ही पद्धती दीर्घकाळ रूढ होती. तिचे कारण केवळ परंपरा नव्हे. पर्लकोटा नदीस पूर आला, की भामरागडचा मार्ग खुंटे. अशा वेळी घर की रुग्णालय, ही निवड नावापुरतीच उरे.

राणी व अभय बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९५-९६ मध्ये गडचिरोलीतील ३९ गावांत, घरी बाळंत झालेल्या ७७२ स्त्रियांचे निरीक्षण केले. निम्म्याहून अधिक स्त्रियांना प्रसूतिसमयी वा सूतिकाकाळात काही ना काही विकार जडल्याचे आढळले; तातडीच्या वैद्यकीय उपचारांची गरज मात्र सुमारे १५ टक्के स्त्रियांनाच होती. या स्त्रिया कोणत्या, हे आधी निश्चितपणे सांगता येत नाही, हीच खरी अडचण होय. याच गावांत सुईणी व आरोग्यदूत यांना प्रशिक्षण देऊन नवजात बालकांची घरीच शुश्रूषा करण्यात आली. तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने तेथील नवजात-मृत्युप्रमाण तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटले (१९९९ मध्ये प्रसिद्ध).

जननी सुरक्षा योजनेने (२००५) रुग्णालयातील प्रसूतीस आर्थिक साहाय्य दिले आणि सुईणीचे स्थान गौण झाले. अंतराचा प्रश्न मात्र पैशाने सुटणारा नव्हता. त्यासाठी आदिवासी भागांत आरोग्यकेंद्रालगत ‘माहेरघर’ उभारण्यात आले. पहिले बाळंतपण माहेरी, या रूढीची आठवण देणारे हे नाव समर्पक आहे. गरोदर स्त्री प्रसूतीपूर्वी काही दिवस तेथे नातलगासह राहू शकते.