हौशी कलेची परस्पर-समीक्षा : मुंबईच्या फोटोग्राफिक सोसायटीपासून आंतरजालावरील चित्रदालनांपर्यंत

१. प्रस्तावना

कलेचा इतिहास प्रामुख्याने नामवंत कलावंत, त्यांचे आश्रयदाते आणि कलाशिक्षण देणाऱ्या संस्था यांच्या अनुषंगाने लिहिला गेला आहे. उपजीविकेचे साधन म्हणून नव्हे, तर केवळ आवडीपोटी चित्र काढणाऱ्या वा छायाचित्र टिपणाऱ्या हौशी कलावंताला या इतिहासात फारसे स्थान मिळालेले नाही. हा हौशी कलावंत शिकतो कसा, त्याच्या चुका त्याला दाखवून देतो कोण आणि त्या दाखवण्याची रीत काळानुसार कशी बदलत गेली, हे प्रश्न त्यामुळे दुर्लक्षित राहिले आहेत.

महाराष्ट्रातील सुशिक्षित वर्गाला या प्रश्नाचा एक परिचित संदर्भ आहे. शालेय वयात एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय चित्रकला परीक्षा देणाऱ्यांच्या अनेक पिढ्या येथे घडल्या. यांपैकी बहुसंख्यांचे औपचारिक कलाशिक्षण तेथेच संपते. परीक्षेचा निकाल अ, ब, क अशा श्रेणीच्या रूपाने हाती येतो. परंतु स्थिरचित्रातील सुरईचा तोल कोठे गेला किंवा छाया चुकीच्या बाजूस का पडली, हे ती श्रेणी सांगत नाही. श्रेणी हा निर्णय असतो आणि सुधारणेसाठी लागतो तो शब्द. प्रस्तुत लेखात निर्णय आणि शब्द यांतील हा भेद मध्यवर्ती मानून हौशी कलावंतांच्या परस्पर-समीक्षेचे काही ऐतिहासिक टप्पे तपासण्याचा प्रयत्न केला आहे. आंतरजालाने ही परंपरा निर्माण केली नाही. तिचा विस्तार केला आणि त्याच वेळी तिच्यापुढे नवे धोके उभे केले, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

२. छायाचित्र मंडळे : जिज्ञासूंचे वर्तुळ

छायाचित्रणाची कला १८३९ मध्ये जाहीर झाली तेव्हा ती शिकवणारी विद्यालये अर्थातच नव्हती. शिकणाऱ्यांनीच एकमेकांना शिकवणे क्रमप्राप्त होते. लंडन येथे १८५३ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि पुढल्याच वर्षी, १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे अस्तित्वात आली. कलकत्ता व मद्रास येथील मंडळे १८५६ मधील आहेत. मुंबईच्या मंडळात लष्करी अधिकारी, डॉक्टर, व्यापारी असे विविध व्यवसायांतील लोक होते. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांचाही मंडळाशी संबंध होता. नारायण दाजी स्वतः छायाचित्रे घेत.

या मंडळाच्या सभांचे स्वरूप लक्षणीय आहे. सभासद आपली छायाचित्रे इतरांसमोर मांडत आणि ती कोणत्या पद्धतीने केली हे सांगत. युरोपातील पुस्तकांत दिलेली कृती मुंबईच्या उष्ण व दमट हवेत जशीच्या तशी लागू पडत नसे. कलोडियन लावलेली काच ओली असतानाच तिच्यावर चित्र घेऊन ते प्रकट करावे लागे. उष्णतेत ती काच लवकर सुके. अशा वेळी त्याच हवेत काम करणाऱ्या दुसऱ्या हौशी माणसाचा अनुभव हा कोणत्याही छापील ग्रंथापेक्षा उपयोगी ठरे. मंडळाने १८५५ मध्ये स्वतःचे नियतकालिकही सुरू केले. विल्यम जॉन्सन व विल्यम हेंडरसन यांनी १८५६ ते १८५८ या काळात प्रसिद्ध केलेल्या ‘इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ या मालिकेच्या नावातच हौशी कलावंताचा उल्लेख आहे. इंग्लंडमध्ये १८५५ मध्ये स्थापन झालेल्या फोटोग्राफिक एक्स्चेंज क्लबचे सभासद आपापल्या छायाचित्रांच्या प्रती एकमेकांना देत. दूर राहणाऱ्या समानधर्मीयांमध्ये कलाकृती फिरवण्याची कल्पना आंतरजालापेक्षा शतकाहून अधिक जुनी आहे, हे यावरून स्पष्ट होते.

तथापि या वर्तुळांचे स्नेहपूर्ण स्वरूप बिनशर्त नव्हते. बंगालच्या मंडळातील घटना या दृष्टीने बोलकी आहे. प्रसिद्ध प्राच्यविद्यापंडित राजेंद्रलाल मित्र हे त्या मंडळाचे पदाधिकारी होते. १८५७ मध्ये एका जाहीर सभेत त्यांनी निळीच्या मळेवाल्यांवर टीका केली. या वक्तव्याचा छायाचित्रणाशी काहीही संबंध नसताना त्यांना मंडळातून काढून टाकण्यात आले. कलेच्या चर्चेपुरती मान्य केलेली समानता वासाहतिक सत्तासंबंधांचा प्रश्न येताच संपुष्टात आली. परस्पर-समीक्षेसाठी केवळ समान आवड पुरेशी नसते. बोलणाऱ्याला सुरक्षित वाटेल असे समान स्थानही लागते, हा धडा या घटनेतून मिळतो.

दुसरी बाब मालकीची आहे. हौशी म्हणून घेतलेली छायाचित्रे पुढे शासनाच्या उपयोगी पडली. १८६८ ते १८७५ या काळात आठ खंडांत प्रसिद्ध झालेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’ या ग्रंथातील अनेक छायाचित्रे अशा हौशी छायाचित्रकारांची होती. छंदापोटी जमवलेली सामग्री भारतीय जनतेचे वर्गीकरण करणाऱ्या प्रकल्पात समाविष्ट झाली. आपली कृती इतरांपुढे ठेवली की तिचा पुढील प्रवास कर्त्याच्या हाती राहत नाही, हा मुद्दा एकविसाव्या शतकाच्या संदर्भात पुन्हा विचारात घ्यावा लागेल.

३. पदक आणि संवाद : मुंबईच्या चित्रकलेतील दोन पद्धती

मुंबईत १८५७ मध्ये कलाविद्यालय सुरू झाले, तेच पुढे सर ज. जी. कलाविद्यालय म्हणून नावारूपास आले. १८८८ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीची स्थापना झाली. वार्षिक प्रदर्शन, निवड समिती आणि पदके ही तिच्या कार्याची प्रमुख अंगे होती. १८९५ मध्ये म. वि. धुरंधर यांना आणि १९३७ मध्ये अमृता शेर-गिल यांना संस्थेचे सुवर्णपदक मिळाले. पदकामुळे कलावंताची प्रतिष्ठा वाढली आणि रसिकांचे लक्ष वेधले गेले, हे निर्विवाद. परंतु पदक पाठीवर थाप देते. पुढचे चित्र कसे काढावे हे ते सांगू शकत नाही.

याच शहरात दुसरी पद्धत खासगी घरांत विकसित झाली. १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यानंतर चित्रकार वॉल्टर लांगहॅमर मुंबईस आले आणि ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे कला-संचालक झाले. रविवारी त्यांच्याकडे तरुण चित्रकार जमत. रुडॉल्फ फॉन लेडन हे समीक्षक आणि इमॅन्युएल श्लेसिंगर हे संग्राहकही याच वर्तुळातले. सय्यद हैदर रझा यांच्यासारख्या तरुणांना येथे युरोपीय चित्रांच्या प्रतिकृती पाहावयास मिळत आणि स्वतःच्या चित्रांवर मोकळेपणाने चर्चा ऐकावयास मिळे.

के. एच. आरा यांचे उदाहरण या संदर्भात विशेष महत्त्वाचे आहे. बालवयात मुंबईस आलेले आरा घरगडी म्हणून काम करीत. मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी कारावासही भोगला. कलाविद्यालयाचा मार्ग त्यांच्यासाठी नव्हता. फॉन लेडन यांनी त्यांची चित्रे पाहिली, त्यांना प्रोत्साहन दिले आणि १९४२ मध्ये आरांचे पहिले एकल प्रदर्शन झाले. पुढे १९४७ मध्ये सूझा, रझा, हुसेन, गाडे आणि बाकरे यांच्यासमवेत ते प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचे संस्थापक सदस्य झाले. उत्तरायुष्यात आर्टिस्ट्स सेंटरच्या माध्यमातून त्यांनी अनेक नवोदितांना आधार दिला. मिळालेले मार्गदर्शन पुढील पिढीस परत करणे हा परस्पर-समीक्षेच्या परंपरेचा गाभा आहे.

स्नेहपूर्ण समीक्षा म्हणजे केवळ कौतुक नव्हे, याचे प्रत्यंतर रझा यांच्याच आयुष्यात मिळते. १९४८ मध्ये काश्मीरमध्ये छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी त्यांची चित्रे पाहिली. प्रतिभेची दखल घेऊन त्यांनी चित्रांत बांधणी उणी पडते असे स्पष्ट सांगितले आणि सेझानचा अभ्यास करण्याचे सुचवले. या अभिप्रायात गुणाची ओळख आहे, उणिवेवर नेमके बोट आहे आणि पुढील अभ्यासाची दिशाही आहे. १९५० मध्ये रझा पॅरिसला गेले. त्यांच्या पुढील वाटचालीत या सल्ल्याचे मोल त्यांनी स्वतः वारंवार मान्य केले.

४. आंतरजाल : वर्तुळाचा विस्तार

लांगहॅमर यांच्या घरापर्यंत पोहोचू शकणारे मोजकेच होते. आंतरजालाने ही मर्यादा ओलांडली. स्वीडनमधील लिंकोपिंग येथे १९९६ मध्ये अद्भुतकथांवरील हौशी चित्रांसाठी एल्फवुड हे दालन सुरू झाले. १९९८ मध्ये वेटकॅनव्हास आणि ऑगस्ट २००० मध्ये डेव्हिअंटआर्ट ही संकेतस्थळे आली. जपानमधील पिक्सिव्ह २००७ मधील आहे. लहान गावातील मुलगी आपले रेखाटन स्कॅन करून मांडू लागली आणि तिला दुसऱ्या खंडातील अनोळखी चित्रकाराकडून अभिप्राय मिळू लागला. तिचे वय, जात, भाषा वा पत्ता चित्राआधी विचारला जात नव्हता. राजेंद्रलाल मित्रांच्या अनुभवाशी तुलना करता हा बदल लहान नव्हे.

या पहिल्या टप्प्यात शब्दांना महत्त्व होते. चित्राखाली लोक काहीतरी लिहीत. डेव्हिअंटआर्टवर आपल्याला सविस्तर टीका हवी आहे, असे चित्रकाराला नोंदवता येण्याची सोय होती. ही सोय वरकरणी किरकोळ वाटली, तरी तिच्यामागील तत्त्व मोलाचे आहे. टीकेसाठी आधी संमती घेतली की टीका हल्ला ठरत नाही.

५. अर्बन स्केचर्स : भेट आणि देवाणघेवाण यांचा मेळ

या परंपरेतील सर्वांत यशस्वी प्रयोगांपैकी एक म्हणजे अर्बन स्केचर्स. सिएटल येथील वृत्तपत्रात काम करणारे स्पॅनिश वंशाचे पत्रकार-चित्रकार गॅब्रिएल कॅम्पॅनारिओ यांनी २००७ मध्ये, शहरात प्रत्यक्ष बसून रेखाटन करणाऱ्यांसाठी फ्लिकर या छायाचित्र-संकेतस्थळावर एक समूह सुरू केला. २००९ मध्ये त्यास ना-नफा संस्थेचे रूप आले आणि २०१० मध्ये पोर्टलंड येथे पहिले आंतरराष्ट्रीय संमेलन भरले. त्यानंतर लिस्बन, सिंगापूर, मँचेस्टर, पोर्टो आदी शहरांत संमेलने झाली. तत्पूर्वी २००४ मध्ये एन्रिको कासारोसा यांनी सुरू केलेल्या स्केचक्रॉल या उपक्रमाने एकाच दिवशी जगभर रेखाटनासाठी बाहेर पडण्याची प्रथा घातली होती.

अर्बन स्केचर्सच्या जाहीरनाम्यात आठ सूत्रे आहेत. जागेवर बसून चित्र काढणे, पाहिलेल्या दृश्याशी प्रामाणिक राहणे, परस्परांना आधार देणे आणि चित्रे आंतरजालावर मांडणे ही त्यांतील प्रमुख होत. व्यावसायिक व हौशी असा भेद येथे केला जात नाही. रेखाटन संपल्यावर सर्वजण आपापल्या वह्या जमिनीवर वा कठड्यावर शेजारी शेजारी मांडतात आणि पाहतात. एकच इमारत वीस जणांनी कशी पाहिली, हे एका दृष्टिक्षेपात कळते. मागची कमान कोणी गाळली, कोणी रंगाच्या एका फटकाऱ्यात उन्हाची तिरीप पकडली, हे पाहणे हीच न बोललेली समीक्षा असते. मुंबई व पुणे येथेही असे समूह कार्यरत झाले. निसर्गचित्रणासाठी बाहेर पडण्याची सवय असलेल्या महाराष्ट्राच्या कलाविद्यार्थ्यांना ही पद्धत परकी नव्हती. नवीन होता तो हौशी नागरिकांचा सहभाग.

६. संख्येचे वर्चस्व आणि हक्काचा प्रश्न

२००९ मध्ये फेसबुकवर ‘लाइक’ची खूण आली आणि २०१० मध्ये इन्स्टाग्राम सुरू झाले. अभिप्राय लिहिण्यास लागणारा वेळ वाचला, परंतु अभिप्रायही वाचला गेला, म्हणजे टळला. शंभर पसंत्या मिळालेल्या चित्रातील हात चुकला आहे हे कोणी सांगत नाही. तीनच पसंत्या मिळाल्या तर चित्रात काय उणे होते हेही कळत नाही. पसंतीचा आकडा चित्राच्या गुणांइतकाच ते कोणाला व केव्हा दाखवले गेले यावर अवलंबून असतो. एका अर्थाने श्रेणी आणि पदक यांचीच ही नवी आवृत्ती होय. फरक इतकाच, की निर्णय देणारी समिती आता दिसतही नाही.

यापेक्षा गंभीर प्रश्न २०२२ पासून उभा राहिला. आंतरजालावरील कोट्यवधी प्रतिमा वापरून चित्रे निर्माण करणाऱ्या संगणकीय प्रणाली सर्वसामान्यांना उपलब्ध झाल्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये डेव्हिअंटआर्टने स्वतःची अशी प्रणाली आणली, तेव्हा सदस्यांनी तीव्र नापसंती व्यक्त केली. जानेवारी २०२३ मध्ये तीन कलावंतांनी डेव्हिअंटआर्टसह तीन कंपन्यांविरुद्ध अमेरिकेत दावा दाखल केला. शिकण्यासाठी आणि मैत्रीखातर मांडलेली चित्रे दुसऱ्याच्या उद्योगाचा कच्चा माल ठरावीत काय, हा त्यामागील प्रश्न आहे. ‘द पीपल ऑफ इंडिया’मधील छायाचित्रांच्या प्रवासाशी त्याचे साम्य दुर्लक्षिता येत नाही. आपली अपुरी, चुकलेली चित्रे दाखवण्याचे धैर्य हे विश्वासावर उभे असते. तो विश्वास गेला, तर हौशी कलावंत केवळ सुबक चित्रेच दाखवेल किंवा काहीच दाखवणार नाही.

७. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) हौशी कलावंतांची परस्पर-समीक्षा ही आंतरजालाची निर्मिती नसून, भारतात तिची मुळे १८५४ च्या मुंबईतील छायाचित्र मंडळापर्यंत मागे जातात.

२) श्रेणी, पदक आणि पसंतीचा आकडा प्रतिष्ठा देऊ शकतात, कृतीत सुधारणा मात्र नेमक्या शब्दांतून होते.

३) अशी समीक्षा लहान वर्तुळात, पुन्हा पुन्हा भेटणाऱ्या आणि स्वतःचीही कृती पुढे ठेवणाऱ्या व्यक्तींमध्ये अधिक फलदायी ठरते. आंतरजालावरील ज्या समूहांनी ही वैशिष्ट्ये जपली, त्यांना ती साधली.

४) समान स्थान आणि कृतीवरील हक्काची हमी यांवाचून समीक्षेतील स्नेह टिकत नाही. १८५७ मधील कलकत्ता आणि २०२२ नंतरचे आंतरजाल ही त्याची दोन भिन्नकालीन उदाहरणे होत.

महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीनेही हे निष्कर्ष विचारार्ह आहेत. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण विद्यार्थ्याला त्याचे स्थान सांगतात. त्याची वही उघडून, गुण ओळखून, एका उणिवेवर बोट ठेवून पुढची दिशा सांगणारी पाच मिनिटे मात्र कोणत्याही गुणपत्रकात बसत नाहीत. ती पाच मिनिटे वेळापत्रकात कोठे बसवायची, हा निर्णय प्रत्येक विभागाला स्वतःच घ्यावा लागेल.